पलीकडच्या खोलीत कोणी झोपलेलं असताना करायची सुट्टीची तयारी

आमच्याकडे दिवसा कुजबुजून बोलतात. नवऱ्याची कायमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी येतो, नऊला झोपतो तो दुपारी चारनंतर उठतो. मुलगी नऊ वर्षांची. वर्षाअखेरची सुट्टी लागली की तिला नेमकं याच सात तासांत घर सजवायचं असतं. आणि मधली भिंत पातळ.

पहिल्या वर्षी मी एका खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. रीळ ओढलं आणि त्या खर्रर्र आवाजाने आम्ही दोघीच दचकलो. दार उघडलं. तो दारात उभा राहिला, माझ्या हातातल्या रिळाकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेला. ओरडला असता तर परवडलं असतं. तेव्हापासून सुट्टीच्या तयारीचं प्रत्येक काम मी एकाच चाळणीतून काढते: याचा आवाज भिंतीपलीकडे जाईल का? स्टेपलर बाद, पंचिंग मशीन बाद, चुरचुरणारा चकचकीत कागद बाद. या चाळणीतून जे खाली उतरलं ते कागद, लोकर, कापड आणि मेण. तुमच्याकडे तान्हं बाळ असेल, आजारी माणूस असेल किंवा नुसता शांतपणा हवा असेल, तरी हीच सामग्री चालेल.

आधी टेबल

जुनी जाड चादर दुहेरी करून टेबलावर अंथरा. निम्मा आवाज तिथेच मरतो, कारण खरा त्रास कातरण्याचा नसतो, कात्री खाली ठेवण्याचा असतो. मणी, बटणं, टाचण्या स्टीलच्या वाटीत ओतू नका. वाटीत आधी रुमाल घाला, किंवा सरळ लोकरी टोपी उलटी ठेवून तीच वाटी म्हणून वापरा. भोक पाडायला दाभण घ्या आणि कागदाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. कागदांची चळत जाड असेल तर एकदम रेटू नका, दोन-दोन कागद घ्या.

चिकटवायला खळ. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधट रंग जाऊन मिश्रण जरासं पारदर्शक आणि दाट झालं की उतरवा. गार झाल्यावर अजून घट्ट होते, म्हणून कढईतच घट्ट करायच्या मागे लागू नका. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, मग आंबूस वास येतो. वास आला की टाकून द्यायची, उगाच जीव लावायचा नाही. खळ बोटाने लावता येते, म्हणजे ब्रश बुडवायची डबी सांडण्याचाही प्रश्न नाही. फक्त थर पातळ हवा, नाहीतर कागद सुरकुततो.

टेबल खिडकीशी घ्या. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरच्या आसपास दिवस सर्वांत लहान असतो, त्यामुळे बारीक कातरकाम सकाळी आणि लोकरीचं काम संध्याकाळी. लोकर अंधुक उजेडात बोटांनाही कळते. कात्रीला नाही कळत.

सहा फांद्यांचा हिमकण

कागदाची चौघडी करून तिरकी दुमडायची, कातरायची आणि उघडायची, हे सगळ्यांनीच लहानपणी केलेलं असतं. त्यातून आठ पाकळ्यांचं फूल निघतं. छान दिसतं, पण तो हिमकण नव्हे. बर्फ गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून खऱ्या हिमकणाला सहा बाजू किंवा सहा फांद्या. सहाच का, पाच किंवा सात का नाहीत, या प्रश्नावर खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिकाच लिहिली होती, आणि पुरतं उत्तर काही त्याला सापडलं नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याच्या पोराने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी एका हिमकणाचा फोटो काढला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. नंतर आयुष्यभरात त्याने पाच हजारांवर हिमकण टिपले. हे मी मुलीला एकदा सांगून बसले. आता कुठेही छापील हिमकण दिसला की ती आधी फांद्या मोजते आणि माझ्या कानात सांगते, "आई, आठ. खोटा."

तर सहाची घडी अशी. साधारण १५ सेंटिमीटरचा चौरस घ्या. कागद पातळ हवा, कारण शेवटी बारा पदर एकदम कापायचे आहेत. छपाईचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद बारा पदरांना फार जाड होतो, आतले पदर सरकतात आणि नक्षी भलतीकडे जाते. पतंगाचा कागद किंवा ट्रेसिंग पेपर उत्तम.

चौरस कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजू तुमच्याकडे ठेवा. त्या बाजूची दोन्ही टोकं जुळवा, पण पूर्ण घडी घालू नका, मध्यावर फक्त चिमटा काढा. ही खूण म्हणजे हिमकणाचं केंद्र. या खुणेभोवती आता १८० अंश आहेत आणि त्यांचे तीन सारखे वाटे करायचे आहेत. उजवं टोक खुणेवरून उचलून डावीकडे आणा, डावं टोक त्याच्यावरून उजवीकडे. दोन्ही घड्या आधी सैल ठेवा. एकीकडून ओढा, दुसरीकडून सोडा, असं करत करत दोन्ही बाजूंच्या कडा घडीवर तंतोतंत बसल्या की मगच दाबा. कोनमापक लागत नाही. कडा जुळल्या म्हणजे वाटे ६० अंशांचेच झाले. आता हा शंकूसारखा तुकडा मधोमध पुन्हा दुमडा. ३० अंशांची, बारा पदरांची पाचर तयार. घडी नखाने दाबू नका, चमच्याची पाठ फिरवा. पातळ कागद नखाने फाटतो.

कात्री लावण्याआधी जरा थांबा, कारण पुढचं फारसं कोणी सांगत नाही. पाचरीच्या वरच्या बाजूला कागदाची वेडीवाकडी टोकं आली असतील, ती तिरकी छाटा. छाटल्यावर एक कड लांब राहते, एक आखूड. लांब कड म्हणजे फांदीचा कणा. या कडेवर अर्धा बदाम कापलात तर उघडल्यावर फांदीच्या मधोमध पूर्ण बदाम दिसतो. आखूड कड म्हणजे दोन फांद्यांमधली मोकळी जागा. तिथून आत खोल काप घेतलेत तर फांद्या सुट्या, काटेरी दिसतात. आम्ही नियमच केलाय: लांब कडेवर लहान कापायचं, आखूड कडेवर धीट कापायचं. आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कधीच नाही, तसं केलंत की वरचा भाग सुटून हातात येतो. वळणदार काप घेताना कात्री स्थिर ठेवा आणि कागद फिरवा.

उघडताना घाई नको. माझ्या हातून बहुतेक हिमकण कापताना नाही, उघडतानाच फाटलेत. उघडला की जाड पुस्तकात रात्रभर ठेवा. इस्त्रीनेही सपाट होतो, पण इस्त्री ठेवल्याचा ठक्क आवाज मला परवडत नाही.

ए४ कागदातून पाकीट आणि हृदय

हे माझं लाडकं काम, म्हणून जरा लांबण लावते.

ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. आखूड कड तिरकी आणून लांब कडेवर जुळवली की २१० चा चौरस मिळतो आणि शेजारी ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. (त्या चौरसाचा कर्ण मोजा. २९७ भरतो, म्हणजे ए४ ची लांब कडच. या कागदाचं प्रमाणच तसं ठरवलेलं आहे. मला हे कळलं तेव्हा उगाच आनंद झाला होता.)

चौरसाचं पाकीट करायचं. चौरस टोकावर उभा धरा, म्हणजे पतंगासारखा. डावा आणि उजवा कोपरा मध्यावर आणा, पण नेमके मध्यावर थांबू नका, प्रत्येक कोपरा सेंटिमीटरभर पुढे न्या. नेमके मध्यावर आणले तर कागदावर कागद चढतच नाही आणि खळ लावायला जागा उरत नाही. पहिली सहा पाकिटं मी अशीच केली होती, सगळी उकलली. मग खालचा कोपरा वर आणा, तोही सेंटिमीटरभर पुढे, आणि त्याच्या दोन तिरक्या कडांना खळ लावून दाबा. वरचा कोपरा म्हणजे झाकण. आत १३ सेंटिमीटरचं चौकोनी शुभेच्छापत्र आरामात बसतं, म्हणजे २६ बाय १३ चा तुकडा मधोमध दुमडलेला.

शुभेच्छापत्राची कड कापण्याऐवजी फाडून बघा. रेषेवर पट्टी ठेवून पाण्यात भिजवलेला ब्रश दोनदा फिरवायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि दोन्हीकडून हलकेच ओढायचं. ओला कागद आवाज न करता सुटतो आणि कडेला मऊ तंतू येतात. हातकागदासारखी दिसते ती कड. यासाठी कागद थोडा जाड हवा. पातळ कागदाचा नुसता लगदा होतो.

आता ती ८७ ची पट्टी. पहिली दोन वर्षं मी ती रद्दीत टाकत होते. मग डेन्मार्कमध्ये सजावटीला लावतात तसं विणलेलं कागदी हृदय करताना मापं घेतली आणि लक्षात आलं की पट्टी ७० मिलिमीटरला कापली तर सगळं हिशेबात बसतं. २१० ची पट्टी मधोमध दुमडली की १०५ होते. त्यातले ७० म्हणजे विणायचा चौरस, आणि उरलेले ३५ म्हणजे ७० व्यासाच्या अर्धवर्तुळाची उंची. कापून उरलेली १७ मिलिमीटरची बारीक पट्टी हृदयाला कडी म्हणून लागते. दोन रंगांचे दोन ए४ घेतलेत तर दोन पाकिटं आणि एक हृदय.

दोन रंगांच्या दोन्ही पट्ट्या दुमडा. उघड्या टोकाला सात सेंटिमीटर व्यासाचं झाकण ठेवून अर्धवर्तुळ आखा आणि दोन्ही पदर एकत्र कापा. घडीच्या बाजूने तीन काप घ्या म्हणजे चार पट्ट्या होतील. काप किती अंतरावर घ्यायचे हे मोजत बसू नका, घडीची कड अर्ध्यात आणि पुन्हा अर्ध्यात जुळवून चिमटे काढा. कापांची लांबी मात्र मोजा: ७० नव्हे, ७३ मिलिमीटर. हे तीन मिलिमीटर नसतील तर शेवटची पट्टी बसताना दाटते, आपण जोर लावतो आणि ऐन वेळी फाटते. माझी फाटली आहे, मुलीसमोर, आणि तेव्हा मी जे पुटपुटले ते तिने संध्याकाळी बाबाला सांगितलं.

विणायला दोन्ही तुकडे असे धरा की गोल बाजू वर, घड्या खाली आणि तुकडे एकमेकांना काटकोनात, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. समजा डावा लाल, उजवा पांढरा. इथे एक गोष्ट डोक्यात बसली की सगळं सोपं: प्रत्येक पट्टी दुपदरी आहे, म्हणजे ती पट्टी नसून फासा आहे. नेहमीच्या विणीत पट्टी वरून किंवा खालून जाते. इथे एक फासा दुसऱ्याच्या आतून जातो किंवा त्याच्या भोवतून जातो. पांढऱ्याची सर्वांत वरची पट्टी घ्या. लालच्या पहिल्या फाशाच्या आतून घाला. मग ती उघडून लालच्या दुसऱ्या फाशाला तिच्या पोटात घ्या, म्हणजे ती त्याच्या भोवतून गेली. तिसऱ्याच्या आतून, चौथ्याच्या भोवतून. पट्टी वर सरकवून घ्या. पांढऱ्याची दुसरी पट्टी उलट: भोवतून, आतून, भोवतून, आतून. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. मुलगी हे कुजबुजत म्हणते, "आतून, भोवतून, आतून, भोवतून," आणि तिचं माझ्याहून कमी चुकतं, कारण ती मध्येच दुसरा विचार करत नाही.

सगळं बरोबर जमलं असेल तर हृदय वरून उघडतं आणि छोटी पिशवी होते. उघडत नसेल तर एखादा फासा आतून-भोवतून जाण्याऐवजी नुसताच वरून गेलाय, तो शोधा. आतल्या बाजूला १७ ची कडी खळीने चिकटवा. आत चिठ्ठी मावते, दोन-चार खडीसाखरेचे खडे मावतात. कागद ८० ते १०० जीएसएमचा घ्या. हिमकणाचा पातळ कागद इथे लुळा पडतो.

बाकीचं भराभर

लोकरीचे गोंडे: चार बोटांवर शंभर वेढे, ना सैल ना घट्ट. मधोमध बांधायला लोकर घेऊ नका, ओढताना तुटते. दुहेरी सुती दोरा घ्या आणि करकचून बांधा. दोन्हीकडचे फासे कापा आणि गोल छाटा. मनात येईल त्याच्यापेक्षा जास्त छाटा, तरच गोंडा भरीव दिसतो. लोकरीच्या कातरणाने घर भरतं, त्याला इलाज नाही, आणि व्हॅक्यूम क्लीनर चारनंतर. सुयांवर विणणार असाल तर लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्या. धातूच्या सुया टिकटिक करतात.

संत्र्याच्या चकत्या: अर्धा सेंटिमीटर जाड कापा, फडक्याने दाबून रस टिपा, ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन-चार तास, मधून मधून उलटत. एकदा मी वीज वाचवायला खिडकीत वाळत घातल्या. हवेत दमटपणा होता, चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. ओव्हनची घंटी शेवटी वाजतेच, म्हणून मी वेळ पाच मिनिटं जास्त लावते, फोन कंपनावर करून खिशात ठेवते आणि घंटी वाजायच्या आधी जाऊन ओव्हन बंद करते. वाळलेली चकती उजेडासमोर धरली की रंगीत काचेसारखी दिसते, म्हणून तिची जागा खिडकीत.

मेणबत्त्या मी वितळवत नाही. भांडी, गाळणी, गरम मेण आणि शेजारी लहान मूल, हे नकोच. मधमाश्यांच्या मेणाचे पातळ पत्रे मिळतात, ते नुसते वातीभोवती गुंडाळायचे. थंडीत पत्रा कडक होतो आणि गुंडाळताना तडकतो. सगळे हेअर ड्रायर मारायला सांगतात. आमच्याकडे ते शक्यच नाही. टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीवर पत्रा दोन-तीन मिनिटं ठेवा, पुरे. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे एवढ्या उबेने ते मऊ पडतं, गळत नाही. वात पत्र्याहून दोन सेंटिमीटर लांब घ्या. पहिला वेढा वातीवर घट्ट बसवा, कारण तिथे पोकळी राहिली तर मेणबत्ती तडतडते आणि एका बाजूने जळते. शेवटची कड अंगठ्याच्या उबेने चेपून टाका. पेटवायची ती कागदी हिमकणांपासून लांब, आणि खोलीत माणूस असेल तोवरच.

भेटवस्तू कापडात बांधते. जपानी लोक याला फुरोशिकी म्हणतात, आपल्याकडे गाठोडं म्हणतात, फक्त गाठोडं म्हटलं की कोणी कौतुक करत नाही. चौकोनी कापडाचा कर्ण खोक्याच्या लांबीच्या तिप्पट हवा. म्हणजे २० सेंटिमीटरच्या खोक्याला ४५ सेंटिमीटर बाजूचं कापड पुरतं. खोकं कर्णावर ठेवा, दोन समोरासमोरचे कोपरे त्याच्यावरून घेऊन खाली खोचा, उरलेल्या दोन टोकांची गाठ. गाठ मारताना आधी उजवं टोक डाव्यावरून, मग तेच टोक, जे आता डावीकडे आलंय, पुन्हा उजवीकडच्या टोकावरून. टोकं आडवी पडली तर गाठ बरोबर. उभी राहिली तर तुम्ही दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवलंत, आणि अशी गाठ नेताना सुटते.

टांगायला खिळे लागत नाहीत. पडद्याच्या दांड्यावरून दोरा सोडायचा आणि लाकडी चिमट्यांनी हिमकण अडकवायचे. चिमटा सोडताना बोटाने मिटवा, टक्कन सुटू देऊ नका. दोरे कमी-जास्त लांबीचे ठेवा, सगळे एका ओळीत आले की दुकानासारखं दिसतं.

आणि टेबलावर एक पाकीट ठेवा, त्यावर आम्ही 'चारनंतर' असं लिहिलंय. आवाजाचं जे काम सुचेल त्याची चिठ्ठी करून त्यात टाकायची, म्हणजे मुलांचा हट्ट तिथल्या तिथे मिटतो. गेल्या वर्षी त्यात निघालं: व्हॅक्यूम, माळ्यावरचं खोकं काढणे, टाळ्या वाजवून नाच (हे मुलीच्या अक्षरात), आणि दरवाज्यावर टांगायच्या शोभेच्या गोलासाठी खिळा. नवरा उठतो, डोळे चोळत पाकीट टेबलावर उलटं करतो आणि खिळ्याची चिठ्ठी स्वतःकडे घेतो. ठोकतो वाकडा, पण एकदाचा मनसोक्त आवाज करून.